उपकरण-सहकार्य, अंतराळ मोहिमांतील

एका देशाच्या यानावर दुसऱ्या देशाने घडवलेले वैज्ञानिक उपकरण बसवायचे, किंवा एकच उपकरण दोघांनी मिळून घडवायचे, तर त्यासाठी लागणारी कामाची वाटणी, करार, चाचण्या आणि माहितीची देवाणघेवाण या साऱ्याचा समावेश या संज्ञेत होतो. यानावर जाणाऱ्या उपकरणाला व्यवहारात ‘पेलोड’ म्हणतात. बहुतेक वेळा यात पैशांची देवघेव नसते. ज्याने त्याने आपला वाटा आपल्या खर्चाने करायचा आणि मिळालेली मोजमापे वाटून घ्यायची. रीत सोयीची आहे, पण अडचणही तिथेच आहे. विकत घेतलेली वस्तू उशिरा आली तर पुरवठादाराला दंड लावता येतो. भागीदाराची वाट पाहावी लागते.

चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले तेव्हा त्यावर ११ उपकरणे होती. पाच भारतीय, तीन युरोपीय अंतराळ संस्थेमार्फत आलेली, दोन नासाची आणि एक बल्गेरियाचे. नासाच्या ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ला चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी व हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या अणूंची जोडी) यांच्या खुणा दिसल्या, हे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. यान एकाचे आणि उपकरण दुसऱ्याचे असले की मोजमापे आधी कोणाच्या हाती जाणार, किती काळ राखीव राहणार आणि शोधनिबंधावर नावे कोणाची, हे उड्डाणाच्या कितीतरी आधी ठरवून ठेवावे लागते. त्यातच निर्यातीचे कायदे आडवे येतात. इस्रोच्या काही केंद्रांची नावे अमेरिकेच्या निर्बंध-यादीत जानेवारी २०११ पर्यंत होती.

खरी कसोटी लागते ती सांध्यावर. यान आणि उपकरण जिथे एकमेकांना भेटतात तिथले सगळे ‘इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट’ (बोलताना ‘आयसीडी’) या दस्तऐवजात लिहिलेले असते: बोल्टांची भोके कुठे, वीज किती वॅट, उष्णता कुठून बाहेर पडणार, जोडणीच्या कोणत्या पिनेवर कोणता संकेत, माहितीचा वेग किती. इंदूरकरांना हे अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवरून, म्हणजे कापडगिरण्यांचे कामगार मिरवणुकीत गाड्यांवर उभारतात त्या देखाव्यांवरून, पटकन कळेल. देखावा कोणता करायचा हे ज्या त्या मिलच्या कामगारांनी ठरवावे. पण गाडी रस्त्यावरच्या तारांखालून आणि वळणावरून निघाली पाहिजे, हे सगळ्यांना सारखेच. आयसीडीवर दोन्ही पक्षांच्या सह्या होतात. त्यानंतर एक आकडा बदलायचा तरी दोघांची संमती लागते.

सांध्यात काय राहून जाऊ शकते याचा सर्वांत बोलका दाखला कॅसिनी-हायगेन्स मोहिमेत सापडतो. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघालेल्या या मोहिमेत कॅसिनी हे मुख्य यान नासाचे, तर शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरणारे हायगेन्स युरोपचे. हायगेन्सचे संदेश कॅसिनीने झेलून पृथ्वीकडे पाठवायचे होते. दोन याने वेगाने जवळ येत असली की त्यांच्यातल्या लहरींची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे वाढते. संदेश वाहून नेणारी मूळ लहर, म्हणजे वाहक लहर, किती सरकेल याचा हिशेब केलेला होता. पण तिच्यावरून जाणाऱ्या बिटांचा वेगही त्याच प्रमाणात बदलतो, आणि हायगेन्सचे संदेश घेण्यासाठी कॅसिनीवर बसवलेला युरोपीय रिसीव्हर तेवढा बदल पेलू शकत नव्हता. उड्डाणापूर्वी खऱ्या डॉप्लरसह संपूर्ण साखळीची चाचणी झालीच नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये पृथ्वीवरून नकली संदेश पाठवून पाहिले तेव्हा दोष उघडा पडला. यान तोवर फार दूर गेले होते. मग कॅसिनीचा मार्गच बदलला: टायटनजवळून १,२०० किलोमीटरवरून जाण्याऐवजी ते सुमारे ६०,००० किलोमीटरवरून गेले, म्हणजे दोन्ही याने एकमेकांजवळ येण्याचा वेग कमी पडला. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स सुखरूप उतरले. तरीही दोन वाहिन्यांपैकी एकीचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञाच आज्ञावलीत राहून गेली होती, आणि सुमारे ७०० पैकी ३५० छायाचित्रे हातची गेली.

मध्ये देशाची सीमा नसली की सांधे नसतात असे मात्र नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी गमावलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’मध्ये दोन्ही बाजू अमेरिकीच होत्या, एकीने आवेग (इंजिनाने यानाला दिलेला धक्का) पाउंड-सेकंदांत दिला, दुसरीने तो न्यूटन-सेकंदांत वाचला.

कामाची वाटणी अर्ध्यावर बदलण्याची तयारीही ठेवावी लागते. मंगळावरच्या ‘इनसाइट’ यानासाठी फ्रान्सच्या अंतराळ संस्थेच्या देखरेखीखाली भूकंपमापक तयार होत होता. त्याच्या निर्वात कवचाला गळती लागली आणि मार्च २०१६ चे उड्डाण डिसेंबर २०१५ मध्ये रद्द झाले. पृथ्वीवरून मंगळाकडे निघायची अनुकूल वेळ २६ महिन्यांनीच येते. नव्या कवचाचे काम अमेरिकेच्या ‘जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी’ने अंगावर घेतले, उपकरणाची जुळणी फ्रेंचांकडेच राहिली, आणि यान मे २०१८ मध्ये निघाले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘निसार’ या नासा-इस्रोच्या पृथ्वी-निरीक्षण उपग्रहावर नासाचा एल-बँड आणि अहमदाबादेत घडलेला एस-बँड (हे वारंवारतेचे दोन वेगळे पट्टे) असे दोन रडार १२ मीटर व्यासाचा एकच परावर्तक वापरतात. तो परावर्तक जास्त तापण्याची भीती निघाली, तेव्हा २०२४ मध्ये त्याला विशेष लेप देण्यासाठी अमेरिकेला परत नेऊन आणावे लागले.

इंदूरला या प्रकारच्या कामाची ओळख अंतराळामुळे नव्हे, प्रवेगकांमुळे, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांमुळे, झाली. सुखनिवास तलावाकाठच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला (स्थापना १९८४) जुने लोक अजून ‘कॅट’ (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, हे त्याचे आधीचे नाव) असेच म्हणतात, रस्त्याचे नावही कॅट रोड. सर्न या युरोपीय संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रासाठी भारताने अतिवाहक सुधारक चुंबके आणि मोठी चुंबके अचूक जागी बसवणारे हजारो जॅक दिले, त्याचे समन्वयन या केंद्राने केले. तिथेही रीत तीच: वस्तू आपली, मापे त्यांच्या बोगद्याची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेल्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पात हेच केंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेबरोबर आणि इतर संस्थांबरोबर आहे. त्या वेधशाळेसाठी शोधयंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून यायचे आहेत, आणि ते बसायचे आहेत मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ.