शब्दन् शब्द की आशय? वर्गातल्या दोन लाइव्ह मजकुरांची गल्लत

कर्णबधिर विद्यार्थिनीसाठी वर्गात बसून टाइप करते, असं सांगितलं की पुण्यात हमखास दोनपैकी एक प्रतिक्रिया येते. पहिली : "म्हणजे लेखनिक ना? परीक्षेला असतात तसे?" दुसरी : "अहो, ते तर आता मोबाइलवर आपोआप येतं की!" पहिल्याचा खुलासा सोपा आहे. लेखनिक विद्यार्थ्याचं बोलणं कागदावर उतरवतो. मी शिक्षकांचं बोलणं विद्यार्थिनीच्या डोळ्यांपुढे आणते. तिचे हात शाबूत आहेत, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मोबाइलचं पुढे बोलू.

खरी गल्लत वेगळीच आहे, आणि ती ही सोय मागणारेसुद्धा करतात : पालक, प्राध्यापक, कधी खुद्द विद्यार्थी. 'लाइव्ह ट्रान्सक्रिप्शन' या एकाच नावाखाली दोन निराळी कामं चालतात. एकात बोललेला शब्दन् शब्द पडद्यावर येतो. दुसऱ्यात बोलण्याचा आशय येतो, सगळाच्या सगळा, पण टाइप करणाऱ्याच्या शब्दांत. मागताना एक मागितलं आणि मिळालं दुसरं, की आठवड्याभरात तक्रार ठरलेली.

भूगोलाच्या तासाचा एक तुकडा घेऊ. सर असं बोलतात :

"तर बघा, काल आपण काय म्हटलं, की दख्खनचं पठार जे आहे, ते म्हणजे, लाव्हाचे थर एकावर एक, एकावर एक असे साचत गेले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी... मागे कोण बोलतंय रे?... तर त्यातून तयार झालं. आता तुम्ही सिंहगडावर जाता ना, पिठलं-भाकरी खायला, तेव्हा जरा कड्याकडेही बघत जा. पायऱ्या पायऱ्या दिसतात. म्हणून तर डेक्कन ट्रॅप. ट्रॅप म्हणजे सापळा नाही हां, स्वीडिश शब्द आहे, पायरी या अर्थाचा. मागच्या वर्षी विचारलं होतं हे."

शब्दशः पद्धतीत पडद्यावर हेच्या हेच दिसतं, 'एकावर एक' दोनदा आणि 'हां'सकट. आशयाच्या पद्धतीत मी असं टाइप करीन :

"दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालं. (सर मागच्या बाकांना दटावतात.) सिंहगडाच्या कड्यात हे थर पायऱ्यांसारखे दिसतात, पिठलं-भाकरी खायला जाल तेव्हा बघा. म्हणून नाव डेक्कन ट्रॅप. ट्रॅप : स्वीडिश, अर्थ पायरी. सापळा नाही. मागच्या वर्षी परीक्षेत आलं होतं."

याला सारांश म्हणू नका. सारांशात पिठलं-भाकरी गेली असती, मागच्या बाकांवरचा दमही गेला असता. आशयाच्या पद्धतीत मुद्दे, उदाहरणं, विनोद, रागावणं सगळं राहतं. गळतात ती पुनरुक्ती, अडखळणं आणि 'बरं का'. नोट्सही म्हणू नका. नोट्स तास संपल्यावर कामाला येतात. हा मजकूर तास चालू असताना वाचायचा असतो, म्हणजे वर्ग हसला तर का हसला हे तिला त्याच मिनिटाला कळतं आणि शंका आली तर त्याच मिनिटाला विचारता येते.

आता दोन्हींची यंत्रणा पाहू, कारण तिथेच किमतीचा आणि माणसं मिळण्याचा प्रश्न दडलेला आहे.

शब्दशः कामाला अमेरिकेत 'कार्ट' म्हणतात, म्हणजे कम्युनिकेशन ॲक्सेस रिअलटाइम ट्रान्सलेशन. त्यासाठी नेहमीचा कीबोर्ड चालत नाही. कोर्टात जबान्या टिपायला जे स्टेनोटाइप यंत्र वापरतात, तेच इथे असतं. त्याला जेमतेम बावीस कळा. पण त्या एकामागून एक न दाबता हार्मोनियमवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबाव्या तशा दाबायच्या. डाव्या हाताला सुरुवातीची व्यंजनं, अंगठ्यांना स्वर, उजव्या हाताला शेवटची व्यंजनं; एका दाबात अख्खं अक्षर, कधी अख्खा शब्द. मग संगणक आपल्या शब्दकोशाशी ते पडताळून इंग्रजी मजकूर दाखवतो. अमेरिकेतल्या कोर्ट रिपोर्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या रिअलटाइम कॅप्शनरच्या परीक्षेत मिनिटाला १८० शब्दांच्या वेगाने पाच मिनिटं, ९६ टक्के अचूक लिहावं लागतं. गणित करा : इतकं कसून शिकलेल्या माणसालाही मिनिटाला सात चुका माफ आहेत. हा हात बसायला वर्षं जातात. म्हणून अशी माणसं थोडी आणि त्यांचा तासाचा दर चढा.

आशयाची पद्धत मुळात वर्गासाठीच घडली. अमेरिकेत रोचेस्टरला कर्णबधिरांची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था आहे. तिथे १९९०च्या आसपास 'सी-प्रिंट' नावाची पद्धत तयार झाली. पुढे 'टाइपवेल' आली. दोन्हींचं सूत्र एकच : साधा लॅपटॉप, साधा कीबोर्ड, आणि शब्दांची ठरावीक लघुरूपं. तुम्ही दोन-तीन अक्षरं मारता, पडद्यावर पूर्ण शब्द उमटतो. शिकायला काही महिने पुरतात. सी-प्रिंटमध्ये विद्यार्थ्याच्याही हाती पडदा असतो. तो महत्त्वाच्या ओळी रंगवू शकतो, शेजारी स्वतःची टिपणं टाकू शकतो.

लघुरूपं वापरूनही हात शब्दन् शब्द गाठू शकत नाहीत, म्हणून डोकं मधे आणावं लागतं. वाक्य पूर्ण ऐकायचं, अर्थ पकडायचा, मग टाइप करायचं. शब्दशः लिहिणारा विषय अर्धवट समजला तरी निभावून नेतो. आशय लिहिणाऱ्याला विषय कळलाच पाहिजे. मला सांख्यिकीच्या तासाला बसवलं तर मी निरुपयोगी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. आणि आशयाच्या पद्धतीत पडदा थोडा जास्त मागे राहतो, कारण मला वाक्य संपायची वाट बघायची असते.

मराठीत हे सगळं आणखी अवघड होतं. आपल्याकडे वेगाची परंपरा नाही असं मुळीच नाही. परीक्षा परिषदेची मराठी टंकलेखनाची ३० आणि ४० शब्दांची प्रमाणपत्रं घराघरात आहेत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास टाइपरायटर बडवत माझ्या पिढीच्या निम्म्या मुलींचे मे महिने गेले. सरकारी नोकरीत उच्चश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १२० शब्दांची अट असते. विधिमंडळातले प्रतिवेदक तर आमदारांचा शब्दन् शब्द टिपतात, आणि आमदार काही थांबून थांबून बोलत नाहीत. पण लघुलेखन दोन टप्प्यांचं असतं. आधी चिन्हं, मग सावकाश बसून त्यांचा मजकूर. विद्यार्थिनीला दुसऱ्या टप्प्याची वाट बघून चालत नाही. उलट टंकलेखनाचा मजकूर लगेच दिसतो, पण चाळीसच्या वेगाने बोलणारा प्राध्यापक मला अजून भेटायचा आहे (एक अपवाद आहे, तो शेवटी). शिवाय आपले शब्द लांबलचक. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा मोजायला एकच शब्द. टाइप करून बघा.

म्हणून पुण्यात मराठी वर्गात माणूस बसवला, तर तो व्यवहारात आशयच देणार. कोणी 'मी सगळं शब्दन् शब्द देतो' म्हणाला, तर त्याला आधी दहा मिनिटं बसवून बघा.

मग चांगलं कोणतं? माझ्या मते हा प्रश्न सेवेबद्दल विचारण्यात अर्थ नाही, तो वाचणाऱ्याबद्दल विचारावा. शब्दशः मजकुरात निवड विद्यार्थी करतो : काय घ्यायचं, काय सोडायचं. आशयाच्या मजकुरात ती निवड मी त्याच्या वतीने आधीच केलेली असते. कायदा शिकणाऱ्याला 'शकतो' आणि 'पाहिजे' यांतला फरक हवाच असतो. मी घाईत एकाच्या जागी दुसरं लिहिलं तर कलमच बदललं. साहित्याच्या तासाला कवितेच्या ओळीचा आशय सांगून काय उपयोग? आणि तोंडी परीक्षेत प्रश्न जसा विचारला तसाच दिसला पाहिजे. तिथे मी चार सेकंदांत प्रश्न 'सोपा' करून दिला तर तो एका परीने अन्याय आहे, कधी तिच्यावर, कधी इतरांवर.

दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. दहावी-बारावीनंतर ज्यांचं ऐकणं गेलं, किंवा जे श्रवणयंत्र लावून निम्मं ऐकतात, ते मराठी वा इंग्रजी वाचत वाढलेले असतात. त्यांना शब्दशः मजकूर आवडतो. अर्धा शब्द कानाने, अर्धा डोळ्याने जोडून घेतात. पण ज्या मुलीची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, तिच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे; ती हातांनी केलेली मराठी नाही. अशा मुलीपुढे इंग्रजी व्याख्यान मिनिटाला १५० शब्दांनी धो धो सोडलं, तर पन्नास मिनिटांत साडेसात हजार शब्द होतात, म्हणजे छापील पंचवीसेक पानं. ती वाचतानाच फळ्याकडे बघायचं, प्रयोगाकडे बघायचं, सरांच्या चेहऱ्याकडेही. तिला आशय जास्त उपयोगी, आणि अनेकदा दोन्हींपेक्षा सांकेतिक भाषेचा दुभाषा. यात हुशारीचा काडीचा संबंध नाही. मला कोणी कन्नडमध्ये त्याच वेगाने मजकूर दिला, तर मीही माना डोलावत बसेन.

आता मोबाइल. आधी त्यातलीच एक छोटी गल्लत : अँड्रॉइडवर 'लाइव्ह कॅप्शन' आणि 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' अशा दोन सोयी आहेत, दोन्ही २०१९च्या. पहिली फोनमध्ये वाजणाऱ्या आवाजाची अक्षरं दाखवते, दुसरी खोलीतल्या बोलण्याची. वर्गात दुसरी लागते. गूगलने ती कर्णबधिरांच्या गॅलोडेट विद्यापीठाच्या मदतीने केली आणि तिला मराठीही येतं. बँकेत, रिक्षात, दवाखान्यात ती खरोखर वरदान आहे, आणि फुकट आहे. दिसायला ती शब्दशः पद्धतीसारखीच दिसते, म्हणून तर प्राध्यापक म्हणतात की माणूस कशाला. पण घरघरणारे पंखे, रस्त्यावरची पीएमपी बस, फळ्याकडे तोंड करून बोलणारे सर आणि 'हा बेसॉल्ट फाइन ग्रेन्ड का आहे' असली दोन भाषांची मिसळ, एवढं जमलं की 'लाव्हाचे थर' चं 'लावायचे थर' होतं. चूक होणं हा मुख्य त्रास नाही, चुका माझ्याही होतात. मला शंका आली की मी प्रश्नचिन्ह टाकते किंवा हात वर करून विचारते. फोन चुकीचा शब्दही तितक्याच ठामपणे लिहितो आणि मागच्या बाकावरून विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा गाळतोच.

सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठापुढची सुनावणी यंत्राने जागच्या जागी लिहून घ्यायला सुरुवात झाली. खटला आपलाच, शिवसेनेचा. तिथे तो मजकूर नंतर वकिलांकडे तपासायला जातो. चूक सापडते, दुरुस्त होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे असा वकील नसतो. तिला चुकीचं वाचून त्यावरच पुढचं समजून घ्यावं लागतं.

कॉलेजकडे मागणी करायची तर २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हाताशी ठेवा. त्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच मजकूर दाखवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणं शिक्षणसंस्थांचं काम ठरवलं आहे. अर्जात मात्र नुसतं 'लाइव्ह ट्रान्सक्रिप्शन' लिहू नका. कोणत्या विषयाला शब्दशः, कोणत्याला आशय, कोणत्या भाषेत आणि तास संपल्यावर मजकूर ठेवून घ्यायला मिळणार की नाही, हे लिहा. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पहिल्या चाचणीच्या आधी अख्खा वर्ग तिच्याकडे झेरॉक्स मागायला येतो आणि मग सर विचारतात, माझं बोलणं कोणाच्या परवानगीने वाटताय?

माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या आठवड्यात दोन्ही करून पाहिलं. एका तासाला मी जमेल तितकं शब्दशः टाइप केलं, म्हणजे धापा टाकत, मधेमधे गाळत, दुसऱ्याला आशय. भूगोलाला आशय ठरला. सेमिनारला, जिथे वर्गमित्र बोलतात, तिथे तिने शब्दशः मागितलं. "कोण कसं बोलतं ते मला कळायला हवं," तिने पडद्यावर टाइप केलं. तिथे आम्ही फोन आणि मी अशी जोडी लावतो. फोन धावतो, मी त्याच्या मागून चुका काढत जाते.

राहिला तो अपवाद. आमचे एक सर अजून "घ्या लिहून" म्हणून तासभर सांगतात, स्वल्पविरामासकट, आणि 'नवीन परिच्छेद' असंही म्हणतात. त्या तासाला शब्दशः आणि आशय एकच होतात. माझं चाळीसचं प्रमाणपत्र आरामात पुरतं. ती पडद्याकडे बघतही नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते.