विंध्याच्या डोंगरात कुत्रा न्यायचा तर आधी त्याचं वजन आणि पाय बघा

महूपलीकडचं जानापाव, चोरलच्या बाजूचे ओढे, सिमरोलजवळ काजलीगढच्या कडा. इंदूरहून सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येईल अशी ही ठिकाणं आहेत, आणि हल्ली बरीच घरं कुत्र्यालाही सोबत नेतात. कुत्रा आणताना मात्र घरात चर्चा होते ती रंगाची, केसांची, फार तर फ्लॅटच्या आकाराची. डोंगरात हिंडायचं असेल तर त्याचं वजन किती, पाय किती लांब आणि नाक किती आखूड, हे आधी बघायला हवं.

पायांपासून सुरुवात करू. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर यांनी दाखवून दिलं की चारपायी प्राणी लहान असो वा मोठा, चाल बदलतो ती जवळपास एकाच गुणोत्तरावर. वेगाच्या वर्गाला पायाची लांबी आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर 0.5 च्या आसपास आलं की साधं चालणं संपतं आणि दुडकी सुरू होते. 50 सेंमी पायाच्या कुत्र्याला हा वेग ताशी सुमारे 5.6 किमी येतो, 20 सेंमी पायाच्या कुत्र्याला जेमतेम 3.6. सपाटीवर माणूस ताशी साडेचारच्या आसपास चालतो. म्हणजे लॅब्राडोर आपल्याबरोबर चालत असतो, तेव्हा डॅशहुंड पूर्ण वेळ दुडक्या चालीने पळत असतो. त्याला दर वीस मिनिटांनी बसू द्यावं, आणि पहिल्या काही फेऱ्या जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटरच्याच ठेवाव्यात.

चढापेक्षा उतार वाईट. उभ्या कुत्र्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि उतारावर ते आणखी पुढे सरकतं. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होऊ लागतात. दगडावरून एक चुकीची उडी पडली तरी चकती सरकून मागचे पाय लुळे पडू शकतात. त्याच्या छातीइतक्या उंच पायरीवरून त्याला उचलूनच उतरवा: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी आणि सरळ.

मोठ्या कुत्र्याची अडचण वेगळी आणि जास्त घातक आहे. शरीराची लांबी दुप्पट झाली की कातडीचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. स्नायूंत तयार होणारी उष्णता वजनाच्या मागे जाते, बाहेर पडायची जागा क्षेत्रफळाच्या मागे. म्हणून त्याच चढावर 40 किलोचा कुत्रा 12 किलोच्या कुत्र्याआधी तापतो. त्यात कुत्र्याला घामाचा आधार जवळजवळ नाहीच; घाम सुटतो तो पावलांच्या गाद्यांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकून जीभ, तोंड आणि नाकातलं पाणी वाफ करण्यावर. हवाच दमट असेल तर ती वाफ होत नाही, म्हणून पावसाळ्यातली 30 अंशांची ढगाळ दुपारही फसवी असते. पग, बुलडॉग, शित्झू यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद, त्यामुळे लहान असूनही ते सगळ्यात आधी कोसळतात. त्यांना या डोंगरांत नेऊच नये.

जिभेकडे लक्ष ठेवा. नुसता दमलेला कुत्रा धापा टाकतो, पण जीभ आटोक्यात असते. तापत चाललेल्या कुत्र्याची जीभ टोकाला रुंद आणि चपटी होते, कडा वर वळतात, लाळ घट्ट आणि तारेची होते. पाऊल अडखळलं किंवा उलटी झाली तर ताप खूप चढला असं धरूनच चाला. निरोगी कुत्र्याचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 41 च्या वर अवयव निकामी होऊ लागतात. सावलीत घेऊन सर्वांगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत, भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. डॉक्टरांकडे न्यायचंच, पण आधी थंड करून.

माळव्याचा काळा बेसाल्ट उन्हात लवकर तापतो. तळहाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्या पंजांनाही ते सोसणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यात चांगल्या.

हे सगळं जमेस धरलं तर या भागासाठी आमची पसंती 12 ते 22 किलोच्या देशी कुत्र्याला. नाक लांब, केस आखूड, पाय पुरेसे उंच, आणि पिल्लू आपल्याच गल्लीत मिळतं. मुधोळ हाउंड चपळ खरा, पण ससा दिसला की तो तुमचं ऐकणार नाही. हस्की इथल्या उन्हासाठी घडलेलाच नाही. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्ष, लांबचा चढ नको.

विश्रांतीतल्या शरीराला रोज लागणाऱ्या कॅलरी वजनाच्या 0.75 घाताला 70 ने गुणून काढतात: 5 किलोला सुमारे 235, 30 किलोला सुमारे 900. वजन सहापट, खाणं चौपटीलाही पोचत नाही. म्हणून लहान कुत्र्याला वाटेत थोडं थोडं खायला लागतं. जर्मन शेफर्ड, डॉबरमनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याला मात्र निघण्याआधी दोन तास पोटभर जेवण देऊ नका. भरल्या पोटी धावपळ झाली तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. 20 किलोच्या कुत्र्यासाठी अर्ध्या दिवसाला आपल्या पाण्याशिवाय दीड लिटर वेगळं ठेवा. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा हा रोगजंतू तिथे पोचतो.

पट्टा दीड-दोन मीटरचा, छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला अडकवलेला, आणि जंगलात कधीच सोडायचा नाही. या रानांत बिबट्या आहे आणि कुत्रा त्याचं ठरलेलं भक्ष्य आहे. रालामंडलसारख्या अभयारण्यात कुत्रा नेऊ नये. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूचा हात होता; रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर देणं रानासाठीही तितकंच गरजेचं आहे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून ठेवा: कुत्रा चालेनासा झाला तर कोण उचलणार? 6 किलोचा पाठीवरच्या पिशवीत येतो. 30 किलोचा एकट्याने दोन किलोमीटर आणणं बहुतेकांना जमत नाही. जाड सुती चादर सोबत घ्या, कुत्र्याला तिच्यावर आडवं ठेवून दोघांनी टोकं धरा. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून तोंडाला मऊ पट्टी सैलसर बांधा, पण तो धापत असेल किंवा उलट्या करत असेल तर अजिबात नाही.

परतल्यावर बोटांच्या बेचक्यात, कानांत, काखेत हात फिरवून बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत वाळतं; त्याच्या कुसळाला उलटे काटे असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं आणि कातडीत शिरून आत गळू करतं. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा डोकं एका बाजूला झटकत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.