फोडांचा माग रक्तात

कोकणात अंगावर फोड उठले की घरचं निदान ठरलेलं असतं. हंगामात काजूच्या बिया भाजताना उडालेलं तेल, नाहीतर बिब्बा उतला, नाहीतर नागीण. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि काही आठवड्यांत ओसरते. फोड दोन्ही बाजूंना येतच राहिले, तोंडातल्या जखमा भरेनात, किंवा सत्तरीतल्या माणसाला खूप दिवस खाज सुटून मग पाण्याने भरलेले ताठ फोड आले, तर गेरू लावत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

हे आजार पेम्फिगस किंवा बुलस पेम्फिगॉइड असू शकतात. दोन्हींत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच कातडीवर उलटते. भिंतीतले चिरे शाबूत असावेत आणि मधला चुना निघून जावा, तसं पेम्फिगसमध्ये होतं. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) हल्ला करतात. फोड पातळ, लगेच फुटणारा. पेम्फिगॉइडमध्ये वरच्या थराला खालच्याशी बांधणारी प्रथिनं या हल्ल्यात सापडतात, म्हणून फोड खोल आणि ताठ. यातला कुठलाही आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरात आजाऱ्याचं ताट वेगळं करण्याचं काहीच कारण नाही.

निदान कातडीच्या तुकड्यावरून आणि रक्तातल्या प्रतिपिंडांवरून होतं. पंचाईत पुढे आहे: उपचाराला दिलेलं स्टिरॉइड कधी कमी करायचं? कातडी बरी दिसते तरी काहींच्या रक्तात प्रतिपिंडं टिकून असतात. औषध लवकर उतरवलं तर फोड परत येतात, लांबवलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

इथे सूक्ष्म पुटिकांकडे लक्ष जातं. बहुतेक सगळ्या पेशी स्वतःच्या पटलात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. एक्सोसोम हा त्यांतला प्रकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचा. १९६७ मध्ये संशोधक पीटर वुल्फ यांना रक्तबिंबिकांचे (प्लेटलेटचे) असे कण दिसले, तेव्हा त्यांनी त्यांना ‘धूळ’ म्हटलं. पुढे कित्येक वर्षं हा पेशीचा कचराच समजला गेला. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पुटिकांमधला आरएनए (जनुकीय संदेश वाहणारा रेणू) दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की पुटिकेवर तिच्या मूळ पेशीची प्रथिनं असतात. म्हणजे कोणती पेशी खवळली आहे, हे रक्तातून वाचता येण्याची शक्यता आहे. पेम्फिगॉइडच्या रुग्णांच्या रक्तात आणि फोडांच्या पाण्यात हाच शोध चालू आहे.

दवाखान्यात ही तपासणी अजून आलेली नाही. रक्तातले चरबीवाहक कण आकाराने पुटिकांसारखेच असल्यामुळे दोन्ही वेगळे करणं कठीण जातं. शिवाय रक्त काढल्यावर नळी हिंदकळली किंवा बराच वेळ तशीच राहिली, तर रक्तबिंबिका नव्या पुटिका सोडतात आणि मोजमाप बिघडतं. देवगडहून घाट चढून कोल्हापूरला नमुना पाठवायचा, तर रक्तद्रव्य (प्लाझ्मा) आधी देवगडातच नीट वेगळं करून गोठवावं लागेल.