चेहरा बदलला, नाव तेच : सीमाभागातल्या मराठी घरांत ‘आमचा’ नट कोण ठरतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जोते जोतेयली’ या कन्नड मालिकेतून आर्यवर्धनची भूमिका करणाऱ्या नटाला काढून टाकण्यात आलं. भांडण बेंगळुरूतलं, मालिका कन्नड, तरी चर्चा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत चांगलीच रंगली. या घरांना आर्यवर्धन नवखा नव्हताच. विक्रांत सरंजामे या नावाने त्यांनी त्याला आधी ‘तुला पाहते रे’ या मराठी मालिकेत पाहिलं होतं.

म्हणजे गोष्ट एक, नायक एक, मराठीत एक नट, कन्नडमध्ये दुसरा, आणि २०२२ नंतर कन्नडमध्येच तिसरा. मराठीतून कन्नडमध्ये जाताना झालेला बदल कुणाला खुपला नाही. नंतरचा मात्र घशाखाली उतरेना.

‘तुला पाहते रे’ ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१९ मध्ये संपली, वर्षही पुरं झालं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये तीच गोष्ट कन्नडमध्ये सुरू झाली. मराठी मालिका सरळ डब का केली नाही, हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला पडेल, इथल्याला पडणार नाही. परभाषेतलं काम कन्नडमध्ये डब करायचं नाही, असा अलिखित दंडक कर्नाटकातल्या चित्रपट आणि टीव्हीच्या धंद्यात १९६० च्या दशकापासून चालत आला. २०१५ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने या बंदीविरुद्ध निकाल दिला, संघटनांना दंडही केला. तरी जुनी सवय एका निकालाने मोडत नाही. डब केलेल्या पौराणिक मालिका कन्नड वाहिन्यांवर ठळकपणे दिसू लागल्या त्या २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तोवर मराठी गोष्टीला कन्नडमध्ये जायचं तर नवे नट, नवी आडनावं आणि नवा बंगला घेऊनच जावं लागायचं. सरंजाम्यांच्या जागी वर्धन आले, नायिका ईशा निमकरची अनु सिरीमने झाली.

दोन भाषांत वावरणाऱ्या घरांत यामुळे एक गंमत झाली. ज्यांची गोष्ट जुलैत संपली होती त्यांना ती दोन महिन्यांत पुन्हा पहिल्यापासून मिळाली. पुढे काय होणार हे ठाऊक असताना मन कथेवरून उठून माणसांवर जातं. हा कसा बोलतो, कसा बघतो, गप्प कसा राहतो. विक्रांत बरा की आर्य, यावर वाद झाले, पण ते चवीने घातलेले वाद होते. दोघांनी एकमेकांची जागा घेतलेली नव्हती. विक्रांतची गोष्ट पुरी झालेली होती, त्याला कुणी उठवून आर्यला बसवलं नव्हतं.

२०२२ मध्ये नेमकं तेच झालं, म्हणून त्या निर्णयाकडे जरा थांबून बघायला हवं. निर्मात्याच्या बाजूने सांगण्यात आलं की नट चित्रीकरण अर्धवट सोडून गेला, पटकथेत ढवळाढवळ करत होता, संचावर त्याच्याशी जुळवून घेणं अवघड झालं होतं. नटाने आरोप फेटाळले. पटकथेबद्दल आपण सूचना करत होतो आणि त्या मालिकेच्या भल्यासाठी होत्या, असं त्याचं म्हणणं. पाठोपाठ निर्मात्यांच्या संघटनेने त्याला दोन वर्षं मालिकांत काम देऊ नये अशी भूमिका घेतली. वाद मग एका मालिकेपुरता राहिला नाही. एका बाजूला निर्माता, संघटना, वाहिनी, आणि दुसऱ्या बाजूला रोज रात्री घरात येणारा एक माणूस. प्रेक्षक कुणीकडे उभा राहणार हे वेगळं सांगायला नको. तो नसेल तर मालिका बघणार नाही, अशा पोस्टींचा समाजमाध्यमांवर पाऊस पडला.

संचावर शंभर कामं अडकलेली असतात, एक माणूस निघून गेला तर रोजंदारीवरच्या कामगाराचा दिवस बुडतो, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला. निर्मात्याचं सगळंच खोटं असेल असं नाही. पण प्रेक्षकाला न विचारता, न सांगता, त्याच्या रोजच्या ओळखीतला माणूस एका आठवड्यात उचलला गेला, हेही तितकंच खरं. वागणुकीची तक्रार असेल तर ती मिटवण्याचे दुसरे मार्ग होते असं आमचं मत आहे, आणि ते इथल्या बहुतेक बायकांचंही होतं.

नव्या नटाला आणण्यासाठी कथेत जे केलं ते आणखी अवघड गेलं. अपघात, बदललेला चेहरा, गेलेली स्मृती, परक्या घरात नवं नाव. कागदावर ही युक्ती वाईट नाही, उलट अशा प्रसंगी हेच करतात. पण गंमत बघा, या मालिकेचा पायाच पुनर्जन्माचा आहे. नायकाची पहिली बायको राजनंदिनी मेलेली असते आणि नायिका म्हणजे तिचाच पुढचा जन्म. दोघींच्या भूमिका मराठीतही आणि कन्नडमध्येही वेगवेगळ्या नट्यांनी केल्या. एका आत्म्याचे दोन चेहरे प्रेक्षकांनी दोन्ही भाषांत मुकाट्याने मानले, कारण ते गोष्टीने मागितलेले होते. आर्यवर्धनचा दुसरा चेहरा गोष्टीने मागितला नव्हता, भांडणाने मागितला होता, आणि भांडण सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. त्यामुळे चेहरा बदलणाऱ्या शस्त्रक्रियेचा भाग लागला तेव्हा लोक कथा बघत नव्हते, तिच्यामागचं कारण बघत होते. मालिका २०२३ मध्ये संपली. नव्या नटाने वाईट काम केलं असं कुणी म्हणत नाही. तो त्या जागेवर आला, हीच त्याची चूक धरली गेली.

मराठीतली उदाहरणं शेजारी ठेवली की माणूस कसा गेला याला किती वजन असतं ते कळतं. ‘तुझ्यात जीव रंगला’ २०१६ ते जानेवारी २०२१ चालली. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर म्हणजे बाजाराचं, दवाखान्याचं आणि लग्नाच्या बस्त्याचं गाव. त्यामुळे राणादाचं ‘चालतंय की’ इथे कुणाला समजावून द्यावं लागलं नाही. भाषा जरा जास्तच ठासून भरलीय, अशी कुरकुर होती, पण पडद्यावर पुण्यामुंबईची सोडून दुसरी मराठी ऐकू येते याचं सुख मोठं. त्या मालिकेतली नंदिता, म्हणजे वहिनीसाहेब, २०२० मध्ये बदलली. पहिली नटी बाळंतपणासाठी बाजूला झाली होती. तिच्या ठसक्याची सर नवीला येते की नाही यावर पैजा लागल्या, ‘पयली वैनी ती पयलीच’ असंही ऐकू आलं, पण राग कुणी धरला नाही. बाळंतपणाला गेली म्हटल्यावर कोण काय बोलणार?

उलट ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या भागातली शेवंता. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथून जवळच आकेरीचा तो वाडा. बेळगाव, खानापूर, चंदगडचे सोयरसंबंध कोकणात पूर्वीपासूनचे, त्यामुळे मालवणी बोली इथे परकी नाही. दुसऱ्या भागात शेवंता लोकप्रिय झाली ती तिच्या नटीमुळे. २०२१ च्या अखेरीस तीच नटी तिसऱ्या भागातून बाहेर पडली आणि आपल्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीरपणे बोलली. भूमिकेत नवी नटी आली. प्रेक्षकाने नव्या शेवंताला न्याहाळण्याआधीच जुनीची बाजू घेतलेली होती. नंदिताच्या वेळी तुलना झाली, शेवंताच्या वेळी कैवार घेतला गेला. दोन्हींत मूळ नटीच लोकांना हवी होती, तरी मागणीचा सूर वेगळा होता.

पण पहिला तोच खरा, हा नियमही टिकत नाही. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा संजना बदललेली होती. मालिका २०२४ पर्यंत चालली. आज कुणालाही संजना म्हणा, डोळ्यांपुढे दुसरी उभी राहते. पहिलीला लोकांच्या घरात रुळायला वेळच मिळाला नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली शनाया तर दोनदा बदलली. पहिली २०१८ मध्ये शिक्षणासाठी परदेशी गेली, दुसरी आली, आणि २०२० मध्ये दुसरी गेल्यावर पहिलीच परतली. दुसरीने त्याआधी ‘जय मल्हार’मध्ये बानूचं काम केलं होतं. खंडोबाला मैलारलिंग म्हणून पुजणाऱ्या या मुलखात बानूला शनायाच्या कपड्यांत बघायला सुरुवातीला जड गेलं. दीड-दोन वर्षांत त्याचीही सवय झाली, आणि पहिली परत आली तेव्हा काही घरांत तीच उपरी वाटली.

हे सगळं रोजच्या मालिकांमुळे आलं. दूरदर्शनच्या काळात बहुतेक मालिका आठवड्याला एक, आणि तेरा भागांची मुदत ठरलेली. इतक्यात नट बदलायची वेळ क्वचितच यायची. १९९९ आणि २००० मध्ये खासगी मराठी वाहिन्या सुरू झाल्या, हिंदीतही दररोजच्या कौटुंबिक मालिकांची लाट आली आणि एकेक मालिका पाच-सात वर्षं चालू लागली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर त्या लाटेतला पहिला मोठा धडा. २००१ मध्ये कथेत त्याला मारल्यावर लोक इतके खवळले की त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. नंतर तो नट निघून गेला, मध्ये थोड्या दिवसांसाठी दुसरा आला, मग तिसरा, आणि तिसऱ्याने २००८ मध्ये मालिका संपेपर्यंत भूमिका निभावली. वर्षं मोजली तर खरा मिहिर तिसराच. तरी २०२५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा बोलावणं गेलं ते पहिल्याला. त्यावरून दोन पिढ्यांत वाद झाला, आणि दोन्ही पिढ्यांचं बरोबर होतं.

त्याआधीचं सांगायचं तर नाटक कंपन्यांचं. १८८० मध्ये संगीत ‘शाकुंतल’ आणणारे नाटककार जन्माने बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत शकुंतला, सुभद्रा या भूमिका ज्या नटाने गाजवल्या तो १९०१ मध्ये गेला. १९०५ नंतर त्याच भूमिकांत दुसरा तरुण गायक नट उभा राहिला आणि पुढे त्याचं नाव पहिल्याहून मोठं झालं. जुने रसिक तरी आधीच्याचंच गाणं आठवत राहिले. गोकाककडे ‘श्रीकृष्ण पारिजात’ हे लोकनाट्य खेळणाऱ्यांतही सोंग एकाकडून दुसऱ्याकडे जातंच. फरक इतकाच की तिथे भूमिका नटाहून जुनी असते. सुभद्रा कुणा एकाची नव्हती. शनाया, आर्यवर्धन, शेवंता यांना पहिल्या नटाच्या आधी अस्तित्वच नव्हतं, त्यांचा आवाज म्हणजे त्या नटाचाच आवाज.

म्हणूनच काही निर्माते भूमिका रिकामी ठेवणं पसंत करतात. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’त टप्पू, सोनू, अंजली, खुद्द तारक मेहता, सगळे बदलले. दया मात्र २०१७ पासून माहेरीच आहे. ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजीच्या बाबतीत असा पर्याय नव्हता. २०२५ मध्ये ती भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचं निधन झालं आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीने आजी साकारली. तिथे कुणी नव्या आजीला बोल लावला नाही. मृत्यूपुढे हट्ट चालत नाही.

राहिला प्रश्न, या सगळ्यात सीमाभागाचं म्हणणं पोचतं कुठे. २०१९ मध्ये केबलचे दर नव्या पद्धतीने ठरले. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर, आणि पैसे देऊन घ्यायच्या वाहिन्या आपण निवडायच्या. कर्नाटकातल्या जोडणीवर मराठी वाहिन्या हव्या असतील तर त्या आठवणीने मागून घ्याव्या लागल्या. म्हणजे खानापूरचं जे घर आज मराठी मालिका बघतं, ते मुद्दाम पैसे मोजून बघतं. पण मराठी मालिकांचे आठवड्याचे टीआरपी म्हणून जे आकडे गाजतात ते महाराष्ट्र आणि गोव्याच्या बाजारपेठेचे. बेळगाव मोजलं जातं कर्नाटकात. शनाया बदलली म्हणून टीआरपी मोजण्यासाठी निवडलेल्या इथल्या एखाद्या घराने मालिका बघणं बंद केलं, तरी मुंबईत ज्या आकड्यावर निर्णय होतो तो हलत नाही. ‘जोते जोतेयली’चं उलट होतं. तिचा हिशेब कर्नाटकाच्या आकड्यांवर व्हायचा, आणि त्या आकड्यांत बेळगावातल्या शहापूर-वडगावची मराठी घरंही धरलेली होती.