चाकूच्या आधी रक्ताचा थेंब : जमैकातली सिकलसेलची शस्त्रक्रिया

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार; यात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. जमैकात दर १० माणसांमागे साधारण एक जण सिकलसेलचा वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) असतो आणि सुमारे ३०० जन्मांमागे एक बाळ 'एसएस' प्रकारचा, म्हणजे दोन्ही पालकांकडून दोष आलेला, आजार घेऊन येतं. वाहकाला सहसा काही होत नाही. आजारी माणसावर शस्त्रक्रिया करताना मात्र सर्जनला पावलोपावली जपावं लागतं.

किंग्स्टन पब्लिक हॉस्पिटल १७७६ पासून चालू होतं, पण बेटावर वैद्यकीय शिक्षण सुरू झालं ते १९४८ मध्ये. किंग्स्टनजवळच्या मोना इथे, दुसऱ्या महायुद्धात जिब्राल्टरहून हलवलेल्या लोकांसाठी बांधलेल्या छावणीच्या लाकडी खोल्यांत, ३३ विद्यार्थ्यांना घेऊन. १९५३ मध्ये त्याला जोडून रुग्णालय उघडलं. अस्थिशल्यचिकित्सक जॉन गोल्डिंग त्याच सुमारास तिथे आले. १९५४ च्या पोलिओच्या साथीनंतर त्यांनी उभारलेलं पुनर्वसन केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. सिकलसेलमुळे हाडांत होणाऱ्या बदलांवर त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९५९ मध्ये लिहिलेला लेख मला तितकाच मोलाचा वाटतो.

खरा पेच हाडाचाच होता. मूल तापाने फणफणलेलं, नडगी सुजलेली, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. हा हाडातला पू असू शकतो, किंवा रक्तपुरवठा तुटल्याने मेलेलं हाडही. पहिल्या १०-१४ दिवसांत एक्स-रे काहीच सांगत नाही. मेलेल्या हाडावर चाकू चालवला तर नसलेला जंतुसंसर्ग आपणच आत नेतो. म्हणून आधी जाड सुई घालून ओढून पाहायचं. पू आला तर निचरा करून तो कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) पाठवायचा, कारण या रुग्णांत अनेकदा साल्मोनेला हा जंतू निघतो आणि तो साध्या पेनिसिलिनला दाद देत नाही. पोटदुखीचंही तसंच : सिकलसेलची कळ हुबेहूब अपेंडिक्ससारखी दिसते.

सिकलसेल आहे का, याची तपासणी सोपी. काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब, त्यावर २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट. वर झाकणकाच ठेवून कडा पक्क्या बंद करायच्या. ऑक्सिजन संपला की पेशी विळ्यासारख्या वाकतात. द्रावण शिळं असेल किंवा कडेतून हवा शिरली, तर दोष असूनही काही दिसत नाही. ही चाचणी वाहक आणि आजारी यांतला फरकही सांगत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, लागते. सिकलसेल आढळणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारच्या दवाखान्यांत काम केलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

भूल देण्याची काळजी आदल्या रात्रीपासून. या रुग्णांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून रात्रभर उपाशी ठेवलं की शरीर सुकतं. सलाईन आधीच लावावं लागतं. ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, अंग गार पडू द्यायचं नाही. टर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) शक्यतो टाळायचं, कारण आवळलेल्या भागात साचलेलं रक्त आम्ल होतं आणि पेशी वाकतात. हिमोग्लोबिन ७-८ ग्रॅम असणं हे त्यांचं नेहमीचंच. घाबरून रक्त देऊन ते १३-१४ पर्यंत चढवलं, तर रक्त दाट होऊन वाहिन्याच तुंबतात.

पुढे १९७३ ते १९८१ दरम्यान किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात १,००,००० नवजात बाळांची तपासणी झाली. आजारी निघालेल्यांपैकी काही बाळांची प्लीहा (पोटात डावीकडे असलेली पाणथरी) अचानक रक्ताने भरून फुगे आणि मूल काही तासांत दगावे. मग आयांनाच शिकवलं गेलं : डाव्या बरगडीखाली बोटं ठेवा, प्लीहेची कडा हाताला लागली तर लगेच दवाखाना गाठा. असा झटका पुन्हा आला, की प्लीहा काढायची.