जुळ्या ताऱ्यांची जिलबी आणि पाच हजार मीटरवरचा संप

ओटो आणि लोरे ही दोन गाड्यांची नावं आहेत. प्रत्येकीला २८ चाकं, लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर. शंभर टनांच्या आसपास वजनाची अँटेना उचलायची आणि मुंगीच्या पावलांनी दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पण मला या गाडीतली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे ड्रायव्हरची सीट. पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं बांधूनही नीट बसता यावं, असा तिच्या पाठीचा आकार केलाय.

हे ठिकाण चिलीच्या अटाकामा वाळवंटातलं चाखनांतोर पठार, समुद्रसपाटीपासून ५००० मीटर उंच. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन आपल्या निम्म्याच्या जवळपास. तिथे 'अल्मा' नावाची ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. इतक्या वर जाऊन बसायचं कारण पाण्याची वाफ. नुकते जन्मलेले तारे धुळीच्या जाड दुलईत गुरफटलेले असतात, त्यांचा साधा प्रकाश बाहेर येतच नाही. थंड धूळ मात्र मिलिमीटर लांबीच्या लहरी सोडते, आणि त्या लहरी आपल्याकडच्या दमट हवेत वाटेतच जिरतात. तिथली हवा इतकी कोरडी आहे की त्या जमिनीपर्यंत पोचतात.

आता या लहरींत दिसतं काय?

आपला सूर्य एकटा असल्यामुळे तारे एकटेच असतात असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात सूर्यासारख्या जवळपास निम्म्या ताऱ्यांना जोडीदार असतो. तान्ह्या ताऱ्यांत, विशेषतः वृषभ राशीतल्या, हे प्रमाण आणखी जास्त निघालं. ते दाखवणाऱ्यांत अँड्रिया गेझ होत्या. त्यांना २०२०चं नोबेल मिळालं ते आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवरासाठी, पण त्यांचा पीएचडीचा विषय होता तान्हे युग्मतारे. या साऱ्या बाळांना ज्याचं नाव मिळालं तो टी टॉरी १८५२ मध्ये जॉन रसेल हाइंड यांना दिसला. तो एकटा नाही हे १९८२ मध्ये कळलं, आणि पुढे कळलं की जोडीदारही एकटा नाही, ती जोडीच आहे. रोहिणी नक्षत्राच्या परिसरात हे कुटुंब नांदतंय, साधारण साडेचारशे प्रकाशवर्षं दूर.

जोड्या जुळतात कशा, हा खरा प्रश्न. एक शक्यता अशी की जन्मदात्या ढगातच दोन गाठी पडतात आणि दोन तारे लांब लांब जन्मतात. दुसरी अशी की आधी एकच तारा होतो, त्याच्याभोवती वायू-धुळीची चकती फिरू लागते, ती स्वतःच्याच वजनाने अस्थिर होते आणि तिच्यातच दुसरा तारा गोळा होतो. ययाती तारकासमूहातल्या तान्ह्या ताऱ्यांची अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने शिरगणती केली, तेव्हा जोड्यांमधल्या अंतराच्या आलेखात दोन वेगळे उंचवटे दिसले. पहिला पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ७५ पटींवर, दुसरा सुमारे ३००० पटींवर. दोन उंचवटे म्हणजे बहुधा दोन्ही रीती खऱ्या. लगेच, २०१६ मध्ये, अल्माने याच तारकासमूहात एक तिळं पकडलं. त्यातला तिसरा तारा चकतीच्या सर्पिल बाहूतच उगवत होता, म्हणजे दुसरी रीत रंगेहाथ सापडली.

माझं आवडतं चित्र मात्र २०१९चं. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका काळ्या ढगात दोन बालतारे, एकमेकांपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या २८ पट लांब. दोघांच्या अंगाभोवती स्वतःची छोटी चकती, आणि त्या दोघींना वेढणारी एक मोठी. मोठीतून छोट्यांकडे धुळीचे वेटोळे घेत धागे निघालेत. जाहीर करणाऱ्यांनी त्याला प्रेटझेल म्हटलं. आपण जिलबी म्हणू. तीही जरा घाईत पाडलेली. अन्न आधी सामाईक ताटात, मग धाग्यांवरून ज्याच्या त्याच्या वाटीत, आणि वाटीतून पोटात. यातला लहान भाऊच जास्त ओरपतोय असं मापांवरून दिसतं.

डीक्यू टॉरी तर फारच भांडखोर जोडी. दोन तारे दर १५.८ दिवसांनी एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत अडकतात, आणि मिलिमीटर लहरींत भडका उडतो. तो बघायचा तर दुर्बीण त्या दिवशी, त्या तासाला चालू हवी.

आणि ती नेहमी चालू असतेच असं नाही. अल्माचं उद्‌घाटन झालं मार्च २०१३ मध्ये, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथल्या कामगारांनी संप केला. पगारात १५ टक्के वाढ हवी होती. उंचीवरच्या कामाचा आणि लांब पाळ्यांचा मोबदलाही हवा होता. संप सुमारे अडीच आठवडे चालला. तेवढ्यात तिकडे डीक्यू टॉरीची एक प्रदक्षिणा उरकली. त्या वेळी 'विज्ञानाचं नुकसान' हा सूर लागला होता. मला तो पटत नाही. चिलीच्याच नियमांत ३००० मीटरच्या वरचं काम वेगळ्या धोक्याचं मानलंय. जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्क ठरवला. संघटना करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार चिलीने १९९९ मध्ये मान्य केले होते. (भारताने त्या दोघांनाही मान्यता दिलेली नाही, म्हणून फार शहाणपण शिकवायला नको.)

यात एक गुंता आहे, वकिलांना आवडेल असा. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींत युरोपच्या 'ईएसओ' संस्थेचा मोठा वाटा आहे. १९६३च्या करारापासून ईएसओला तिथे दूतावासासारखं संरक्षण आहे, म्हणजे स्थानिक कोर्टाचा समन्स तिच्या दारात थबकतो. मग स्थानिक कामगाराने जायचं कुठे? नव्वदच्या दशकात यावरून चिलीत बराच धुरळा उडाला. १९९५ मध्ये करार सुधारला. चिलीतल्या खगोलतज्ज्ञांसाठी निरीक्षणवेळेतले १० टक्के राखून ठेवले, आणि स्थानिक कर्मचाऱ्यांच्या नियमांत तिथल्या कामगार कायद्याची तत्त्वं आणायचं मान्य झालं. संस्थेच्या आंतरराष्ट्रीय नोकरदाराची तक्रार मात्र थेट श्रमसंघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाते. ईएसओच्या दुर्बिणी असलेल्या पारानालच्या डोंगरावरचं रजेचं भांडण जिनेव्हात मिटवायचं, असा प्रकार. अल्माचा संप करणारे चिलीचे कामगार अमेरिकी भागीदारांच्या एयूआय या संस्थेच्या पगारपत्रकावर होते. त्यांना देशाचा कायदा लागू होता, म्हणून तो संप कायदेशीर संप म्हणून उभा राहू शकला.

जमिनीची गोष्ट याहून जुनी. पठाराच्या पायथ्याशी सान पेद्रो, तोकोनाओ ही लिकान अंताई लोकांची गावं. आदिवासी समाजावर परिणाम करणारा निर्णय घेण्याआधी त्यांच्याशी सल्लामसलत करायची, असं श्रमसंघटनेचा १६९वा करार सांगतो. कामगारांच्या प्रश्नांसाठीच्या संघटनेने आदिवासींच्या जमिनीचा करार करावा हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण मळ्यांत आणि खाणींत राबवलं जाणारं माणूस तेच होतं. चिलीने हा करार २००८ मध्ये मान्य केला. अल्माची पायाभरणी २००३ची. म्हणजे ती सल्लामसलत करायचं बंधन आलं, तेव्हा पायाच्या जागेचा प्रश्न संपलेला होता. शेजारच्या मिठागरातून लिथियम काढणाऱ्यांशी मात्र गावकऱ्यांचा पाण्यावरून तंटा चालू आहे, आणि तिथे याच कराराची कलमं पुढे येतात.

अल्माला दिव्यांचं सोयरसुतक नाही, तिच्या लहरी वेगळ्या. पारानालच्या व्हीएलटी दुर्बिणींना आहे. तिथे चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून तान्ह्या जोड्यांमधलं बारीकसं अंतर मोजतात. डिसेंबर २०२४ मध्ये एईएस अँडीज कंपनीने पारानालपासून ५ ते ११ किलोमीटरवर, तीन हजार हेक्टरांवर पसरणाऱ्या हरित हायड्रोजन संकुलाचा पर्यावरण प्रस्ताव दाखल केला. ईएसओने मार्च २०२५ मध्ये हिशेब मांडला: प्रकल्प झाला तर व्हीएलटीच्या वरच्या आकाशातला कृत्रिम प्रकाश किमान ३५ टक्के वाढेल. गंमत अशी की इथे दोन्ही बाजू पर्यावरणाचंच नाव घेत होत्या. कोळसा बंद करायचा तर हायड्रोजन हवा, हेही खोटं नाही. चिलीने २०२२ मध्ये एस्काझू करार स्वीकारला. पर्यावरणाची माहिती मिळणं, निर्णयात भाग घेता येणं आणि दाद मागता येणं हे लोकांचे हक्क असल्याचं तो सांगतो. पण अंधार हा पर्यावरणाचा भाग मानायचा का? चिलीच्या प्रकाशनियमांत आधी फक्त खगोलशास्त्राचा विचार होता. २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमांत माणसांचं आरोग्य आणि जीवसृष्टीही आली, आणि व्याप्ती देशभर झाली.

चिली लांब आहे, पण हे प्रश्न नारायणगावच्या फाट्यावर भेटतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांनी टी टॉरीकडे कान लावलेला आहे. ३२३ आणि ६०८ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे अल्माच्या तुलनेत फारच खालच्या सुरात, टी टॉरीसोबत एल १५५१ नावाच्या ढगातली जुळी बाळंही ऐकू आली. २०१६ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. त्या खालच्या सुरात बाळांनी फेकलेल्या फवाऱ्यांतला आयनित वायू कळतो. त्यासाठी आकाश काळोखं नसलं तरी चालतं, पण रेडिओ लहरी शांत लागतात. म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग तिथून जाण्याला हरकत घेतली गेली, आणि रेल्वेने मार्ग बदलायचं ठरवलं. जुन्नर-नारायणगावकडची मंडळी यावर जे बोलतात, त्यात टी टॉरीचं नाव येत नाही. टोमॅटोचा भाव आणि पुण्याला पोचायला लागणारे तास येतात.