कोळसा वाहायचा की वीज? कोल्हापूरच्या वीजपुरवठ्याची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही आणि कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्रही नाही. तरीही एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या रेकना, म्हणजे मालगाड्यांना, वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने देशभरात शेकडो प्रवासी गाड्या रद्द केल्या, तेव्हा भारनियमनाची धास्ती शिरोलीच्या फौंड्र्यांपासून इचलकरंजीच्या यंत्रमागांपर्यंत सगळ्यांनीच घेतली. खाणींवर त्या वेळी साठा पडून होता. अडचण तो वेळेत हलवण्याची होती.

आरंभी असे नव्हते. शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले आणि त्याच्या पायथ्याशी सुमारे पाच मेगावॉटचे वीजघर उभे राहिले. पुढे साठच्या दशकात कोयनेचा जलविद्युत प्रकल्प आला. या विजेला पाऊस लागे, वाघिणी लागत नसत. परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर, राज्यांत कृष्णा खोऱ्याचे पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. त्यामुळे कोयना मुख्यतः मागणीच्या ऐन वेळी चालवायची आणि बाकीचा भार कोळशाने उचलायचा, अशी घडी बसत गेली.

कोळशाच्या विजेपुढे दोन मार्ग असतात. नाशिकसारखे केंद्र खाणीपासून दूर, मागणीच्या जवळ उभारले की कोळसा रेल्वेने आणावा लागतो. एक हजार मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायला दिवसाला साधारण पंधरा हजार टन कोळसा, म्हणजे चार रेक लागतात, आणि त्या रिकाम्या होऊन परत जातानाही मार्ग अडवतातच. चंद्रपूरचे केंद्र खाणींच्या पट्ट्यातच उभारले गेले, तेव्हा रेल्वेवरचे ओझे तारांवर आले. तिथली वीज पश्चिमेकडे आणण्यासाठी ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश (डीसी) वाहिनी १९९९ मध्ये सुरू करावी लागली. वाहिनी कमी पडली तर काय होते, हे जुलै २०१२ मध्ये दिसले. मध्य प्रदेशातली बीना-ग्वाल्हेर वाहिनी अतिभाराने बंद पडली आणि उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचेही. महाराष्ट्र ज्यात आहे ते पश्चिमेचे जाळे तेवढे वाचले. दक्षिणेचे जाळे तेव्हा वेगळेच होते. ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने देशाच्या जाळ्याशी जोडले गेले.

कोल्हापूरची स्वतःची भर म्हणजे साखर कारखान्यांची सहवीज, म्हणजे साखरेसोबत तयार होणारी वीज. बगॅस, म्हणजे गाळपानंतर उरलेले उसाचे चिपाड, कारखान्यातच जळतो, त्याला रेल्वे लागत नाही. मात्र ही वीज मुख्यतः गळीत हंगामातच मिळते, आणि उसाला पाणी सर्वाधिक लागते ते उन्हाळ्यात. कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते, म्हणून शेतकऱ्याला काळोखात नदीकाठी मोटर चालू करायला जावे लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसा विजेसाठी कोल्हापुरात आंदोलन झाले ते याच कारणाने. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच वीज तयार करून ती कृषी वाहिनीला देण्याची कल्पना आहे. तिने दूरच्या वाहिन्यांवरचा दिवसाचा भार हलका होईल. संध्याकाळी घरोघरचे दिवे लागतात तेव्हाचा भार मात्र कोयना आणि कोळशावरच राहील.